चहापाण्याच्या खर्चात कामगारांचा मेडिक्लेम निघतो म्हणे!

कुपवाडचा लेथवाला
परवा इथंच एका गृहस्थांनी लिहिलं: "आमच्या कंपनीत सगळ्या स्टाफला पाच लाखांचा मेडिक्लेम आहे. सांगली-साताऱ्यातले लहान कारखानदार मात्र कामगाराचा विमा काढत नाहीत, कारण पैसा नाही असं नाही, नियत नाही. महिन्याच्या चहापाण्याच्या खर्चात निघतो." खाली शाबासक्यांचा पाऊस. गप्प बसणार होतो, पण बसवेना.

माझ्याकडं चौदा माणसं आहेत. नऊ जणांचा पगार २१ हजारांच्या आत, त्यांची ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याची वर्गणी, दर महिन्याला जाते. माझे ३.२५ टक्के, त्यांचे ०.७५. उरलेले पाच जण म्हणजे दोन सीएनसी ऑपरेटर, सुपरवायझर, क्वालिटीचा पोरगा आणि अकाउंटंट. यांचा पगार मर्यादेच्या वर, म्हणून ईएसआय नाही. ही मर्यादा २०१७ च्या जानेवारीत १५ हजारांची २१ हजार केली, त्यानंतर सरकार ती विसरूनच गेलं. मध्ये महागाई कुठल्या कुठं गेली.

एप्रिल २०२० मध्ये केंद्रानं कारखाने उघडायच्या अटींत कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा म्हणून घातला होता, आठवतंय का कुणाला? तेव्हा मी चौदाही जणांची ग्रुप पॉलिसी काढली. बायको-मुलांसह ३ लाखांची. हप्ता १ लाख ३० हजार, वर १८ टक्के जीएसटीचे २३,४००. पुढं एका वर्षी सुपरवायझरची अँजिओप्लास्टी झाली आणि एका ऑपरेटरच्या बायकोचं सिझर. क्लेम मिळून २ लाख ४० हजार. रिन्यूअलला कोटेशन आलं २ लाख ३५ हजारांचं, बाळंतपण काढून टाकलेलं, खोलीभाड्याला मर्यादा घातलेली. म्हणजे हप्ता जवळजवळ दुप्पट आणि माल निम्मा. म्हणून बंद केली.

मोठ्या कंपनीत दोन हजार माणसं असतात. तिथं दहा अँजिओप्लास्ट्या झाल्या तरी हिशेबात कुणाला दिसत नाहीत. माझ्याकडं एक झाली की वर्षाचा हिशेब आडवा. यात नियत कुठं आली?

शिरवळचा एचआर
ती पोस्ट माझीच. नाव घ्यायला घाबरायचं कारण नव्हतं.

आकडे पटले, निष्कर्ष नाही. मोठ्या कंपनीला फुकट मिळतं असा तुमचा समज दिसतो. आमचाही हप्ता क्लेम रेशोवरच, म्हणजे हप्त्याच्या किती टक्के क्लेम गेले त्यावरच ठरतो. गेल्या वर्षी रेशो शंभराच्या वर गेला, तर तीन आठवडे ब्रोकरशी घासाघीस करत बसलो. शेवटी आई-वडिलांच्या क्लेमवर २० टक्के को-पे लावला, म्हणजे तेवढा वाटा स्टाफनं स्वतः भरायचा, तेव्हा कुठं जमलं. त्यावरून स्टाफच्या शिव्या मीच खाल्ल्या. तरीही पॉलिसी बंद केली नाही. तुम्ही एका वाईट वर्षात बंद केलीत. आणि राहवत नाही म्हणून विचारतो, दारातली नवी गाडी त्याच वर्षीची ना?

कुपवाडचा लेथवाला
गाडी कर्जाची आहे, आणि तिचा हप्ता तुमच्यासारख्या मोठ्या कंपन्यांकडून येणाऱ्या पेमेंटवर जातो. ते पेमेंट ४५ दिवसांत द्यायचं असा कायदा आहे. येतं ९० दिवसांनी, ते पण चार फोन केल्यावर. पुढच्या वर्षी "कॉस्ट डाऊन" म्हणून जॉबमागं दोन टक्के तुम्हीच कापणार आणि वर आम्हाला नियत शिकवणार.

एक सांगा. "सगळ्या स्टाफला" म्हणालात. गेटमधून सकाळी आत जाणारी जी कंत्राटी पोरं आहेत, ती त्या पाच लाखांत आहेत का?

शिरवळचा एचआर
ते कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर आहेत. त्यांची ईएसआय भरली जाते, चलन तपासल्याशिवाय आम्ही बिल पास करत नाही.

कुपवाडचा लेथवाला
म्हणजे नाहीत. मग माझ्या नऊ जणांत आणि तुमच्या कंत्राटी पोरांत फरक काय राहिला?

टर्नर गडी
दोघं मालक लोक भांडताय ते भांडा, पण कामगाराचं बी ऐका की. लई लोक ईएसआयला नावं ठेवतात. माझ्या मेव्हण्याची दोन बोटं प्रेसखाली गेली. उपचाराला एक रुपया लागला नाही, आणि घरी होता तोवर पगाराच्या ९० टक्के रक्कम बँकेत येत होती. कुठला मेडिक्लेम पगार देतो हो?

गणित सांगतो. २१ हजार पगार असेल तर माझे १५७ रुपये ५० पैसे, मालकाचे ६८२ रुपये ५० पैसे, मिळून महिन्याला ८४०. वर्षाचे १०,०८० रुपये. त्यात बायको, पोरं, माझ्यावर अवलंबून असलेले आई-बाप, सगळे. तीन लाख संपले, आता घरी जा, असली भानगड नाही.

आमच्या शेडमधी मागल्या वर्षी मालकानं पगार साडेएकवीस करतो म्हटल्यावर दोघांनी हात जोडले. "मालक, वाढवू नका, न्हायतर भत्ता कुठंतरी दुसरीकडं दाखवा." एकाच्या आईचं डायलिसिस चालू आहे. पाचशे रुपयांच्या वाढीपायी तो आईचं डायलिसिस घालवंल काय? एप्रिलनंतर वाढवला तर सप्टेंबरअखेरपर्यंत वर्गणी चालू राहते आणि तिच्यावर पुढच्या जूनअखेरपर्यंत दवाखाना, एवढंच, मग कार्ड बंद.

कराडचे आबा
टर्नर, तुमच्यासारखं आम्हाला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी एका मोठ्या कारखान्यात उभी हयात घालवली. कंपनीची पॉलिसी होती. एक क्लेम केला नाही, साधा मोतीबिंदूचा नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ-शाल मिळाली आणि त्याच महिनाअखेरीस पॉलिसी संपली. बाहेर नवी काढायला गेलो तर साखर आहे म्हणून जादा हप्ता, वर तीन वर्षं थांबा. एवढी वर्षं माझ्या नावावर भरलेले हप्ते कुणाच्या घशात गेले? मोठ्या कंपनीच्या विम्याचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा माझ्या वयाचं होऊन बघावं. आणि हे मिरजेचं काय झालंय बघा, मिशन हॉस्पिटलामुळं लांबून माणसं इथं यायची, आता मिरजेत पाऊल ठेवलं की पहिला प्रश्न "कॅशलेस आहे का?" नाडी नंतर.

टर्नर गडी
आबा, ईएसआयमधी असताना निवृत्त झालं आणि पाच वर्षं नोकरी भरली असली, तर वर्षाला १२० रुपयांत नवरा-बायकोचा दवाखाना पुढं बी चालू राहतो. महिन्याला नव्हं, वर्षाला.

मिरजेचा पॉलिसीवाला
आबा, निवृत्त होताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदली मागता येते. जुनी वर्षं धरली जातात, वेटिंग तेवढं कमी होतं. मुदतीत अर्ज करावा लागतो, पण निरोप समारंभात हे कुणी सांगत नाही. एचआरनं सांगायचं असतं. (शिरवळकर, ऐकताय ना?)

लेथवाल्यांना एक भर घालतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या घराची मिळून एक) पॉलिसीवर जीएसटी शून्य झाला. ग्रुपवर अजून १८ टक्केच आहे. त्याचं क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, विमा काढणं कायद्यानं बंधनकारक असेल तरच मिळतं. स्वखुशीनं काढणाऱ्यानं १८ टक्के सोसायचे.

कुपवाडचा लेथवाला
बघा! स्वतःच्या घरासाठी काढली तर शून्य, कामगारांसाठी काढली तर १८ टक्के. आणि म्हणे नियत.

कृष्णाकाठची
सगळे पुरुष मंडळी हप्ता, रेशो, जीएसटी करताय म्हणून वाचत होते. वर को-पेचा उल्लेख आला तिथं थांबले.

माझी नोकरी मोठ्या कंपनीत, नवऱ्याची लहान वर्कशॉपमध्ये, तिथं विमा नाही. आमच्या फॉर्ममध्ये रकाना असा आहे: आई-वडील किंवा सासू-सासरे, कोणतीही एकच जोडी, हप्ता पगारातून कापणार. माझ्या लग्नानंतर तो फॉर्म घरी जेवणाच्या ताटावर चर्चेला आला. आता विचार करा कोणाची जोडी गेली असेल. सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन माझ्या कार्डावर झालं, झालं ते चांगलंच झालं. पण तासगावला माझ्या आईचा गुडघा बदलला तेव्हा भावानं द्राक्षाचे आलेले पैसे घातले आणि उरलेलं मी सोनं ठेवून. लहान कारखानदार विमा काढत नाही, त्याचा भार असा कुणाच्या तरी सुनेच्या पगारावर येतो. हे तुमच्या कुठल्याच हिशेबात नाही.

कराडचे आबा
ताई, सासू-सासरे म्हणजे आई-वडीलच की. यात हिशेब कसला करायचा?

कृष्णाकाठची
आबा, मग जावयाच्या पॉलिसीत सासू-सासरे किती घरांत असतात ते सांगा. तुमच्या जावयाच्या पॉलिसीत तुम्ही आहात का?

कराडचे आबा
आमच्यात तशी पद्धत नाही. लेकीच्या घरचं पाणी पिताना विचार करणारी माणसं आम्ही.

कृष्णाकाठची
अगदी बरोबर. पद्धत नाही. आणि म्हणून तुम्ही जादा हप्त्याचं कोटेशन घेऊन बसलाय.

शिरवळचा एचआर
जोडी निवडण्याचा नियम आम्ही खोडसाळपणे ठेवलेला नाही. साठीच्या पुढचे चौघं एका कर्मचाऱ्यामागं आले तर हप्ता उचलणार कोण? एक आई आणि एक सासरा अशी जोडी फोडायला दिली तर प्रत्येक जण घरातला सगळ्यात आजारी माणूस निवडून घालतो. विमा कंपनीला तेच नको असतं.

कृष्णाकाठची
नियम तुमच्या सोयीचा असेल, पण निवड माझ्या घरात होते आणि तिथं मला मत नसतं. कायद्याचंही तसंच. २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत कुटुंबाची व्याख्या वाचा. अवलंबून असलेले आई-वडील, आणि स्त्री कर्मचारी असेल तर सासू-सासरेही. पुरुष कर्मचाऱ्याच्या सासू-सासऱ्यांचं नाव नाही.

टर्नर गडी
म्हणजे माझ्या बायकोला नोकरी असती तर माझी आई तिच्या कार्डावर, पण तिची आई माझ्या कार्डावर न्हाई? ह्ये काय बरोबर न्हाई राव.

कुपवाडचा लेथवाला
धागा विम्याच्या खर्चाचा होता...

कृष्णाकाठची
हा खर्चाचाच विषय आहे दादा. तुमच्या सुपरवायझरची बायको कुठं नोकरीला आहे, आणि पॉलिसी बंद झाल्यावर तो कुणाच्या कार्डावर गेला, विचारलंत कधी?

कुपवाडचा लेथवाला
विचारायची गरज नाही, माहीत आहे. ती जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे.

शिरवळचा एचआर
रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत आता सगळ्यांनाच पाच लाख आहेत, १ जुलै २०२४ पासून. मग एवढा आटापिटा कशासाठी, असा प्रश्न मला आमचे डायरेक्टर विचारतात.

मिरजेचा पॉलिसीवाला
त्यांना सांगा, ठरावीक यादीतले उपचार आणि ठरावीक हॉस्पिटलं. यादीत बसलं तर उत्तम, माझंच गिऱ्हाईक मी तिकडं पाठवलंय. पण डायरेक्टरसाहेब स्वतः कुठल्या कार्डावर ॲडमिट होतात तेवढं विचारून या.

शिरवळचा एचआर
हा टोमणा मान्य. लेथवाले, तुमचंही एक मान्य करतो. चौदा माणसांच्या ग्रुपला आमच्यासारखा भाव मिळणार नाही, कितीही नियत असली तरी. "चहापाणी" हा शब्द मागे घेतो. पण ज्या पाच जणांना ईएसआय नाही, त्यांना तुम्ही वाऱ्यावर सोडलंय हे माझं म्हणणं तसंच आहे.

कुपवाडचा लेथवाला
मेहेरबानी. आता ९० दिवसांचं पण मागे घ्या म्हणजे लगेच पॉलिसी काढतो.

शिरवळचा एचआर
परचेस डिपार्टमेंट माझ्याकडं नाही.

कुपवाडचा लेथवाला
कुणाकडंच नसतं ते. असो. पॉलिसीवाले, नऊ जण ईएसआयमध्ये आहेत ते सोडून देऊ. फक्त वरच्या पाच जणांची ग्रुप होते का? मागच्या वेळी चौदा धरायला लावले होते.

मिरजेचा पॉलिसीवाला
पाचाची अवघड. बऱ्याच कंपन्या सात डोक्यांपासून बघतात. तुम्ही स्वतः आणि वहिनी मिळून सात होतील. वहिनी पगारपत्रकावर आहेत का?

कुपवाडचा लेथवाला
डिस्पॅच आणि बँक तीच बघते. पगारपत्रकावर नाही.

कृष्णाकाठची
काम करते, पगारपत्रकावर नाही. छान.

कुपवाडचा लेथवाला
ताई, या महिन्यापासून घेतो, झालं समाधान? फक्त आई-वडिलांचा रकाना मला परवडणार नाही, आधीच सांगतो. दोन्हीकडचे तर सोडाच.

कृष्णाकाठची
रकाना ठेवा, हप्ता ज्याचा त्याला भरू दे. आणि जोडी निवडायची अट घालू नका.

मिरजेचा पॉलिसीवाला
अट घालणारा तो नव्हे ताई, कंपनी. विचारून बघतो, शब्द देत नाही. लेथवाले, सात जणांच्या जन्मतारखा पाठवा. खोलीभाड्याची मर्यादा असलेली पॉलिसी स्वस्त दिसते, ती घेऊ नका. मर्यादा ३ हजार आणि खोली ६ हजारांची घेतली, तर औषधं, तपासण्या आणि स्टेंट सोडून डॉक्टरांच्या फीसकट बिल निम्मं कापतात. सुपरवायझरचा स्टेंट लपवायचा नाही, आणि रक्तदाबाच्या गोळ्या कोण कोण खातं ते आत्ताच खरं सांगा. सात जणांच्या ग्रुपला जुने आजार पहिल्या दिवसापासून देतात का नाही, हे त्यावरच ठरणार.

कुपवाडचा लेथवाला
गोळ्या सुपरवायझर खातो. आणि मी.