मदत हवी आहे: रेषेचा चढ आणि समीकरण. तीन उत्तरं येतात, बरोबर कोणतं?

डिचोलीची आई | शनिवार, रात्री ९:४०
दोन बिंदूंवरून रेषेचं समीकरण काढायचंय. मुलीचं उत्तर एक, मी काढलं तर दुसरं, आणि पुस्तकाच्या मागे तिसरंच. दोन तास झाले. सोमवारी टेस्ट आहे. सूत्र आम्हाला माहीत आहे, सूत्र सांगू नका. फक्त कोणतं उत्तर बरोबर ते सांगा. लवकर.

पेडण्याचा पोर | ९:४७
ताई, बिंदू कुठे आहेत? तिन्ही उत्तरंही लिहिली नाहीत तुम्ही.

बांदेकर काका | ९:५२
कितवीत आहे मुलगी? दहावी असेल तर हे भूमितीच्या पुस्तकात आहे, निर्देशक भूमितीचं प्रकरण. 'रेषेचा चढ' असाच मथळा आहे. आधी तिथले सोडवलेले नमुने करून घ्या.

डिचोलीची आई | ९:५५
अकरावी सायन्स. गोवा बोर्ड. आमच्या दहावीत चढ नव्हता, अंतराचं सूत्र आणि विभाजनाचं सूत्र एवढंच होतं.

बांदेकर काका | ९:५८
असं कसं? दहावीत असतोच. माझ्या नातवाने गेल्या वर्षी केला.

पेडण्याचा पोर | १०:०१
काका, नातू बांद्याला ना? ते महाराष्ट्र बोर्ड. गोव्यात एनसीईआरटीची पुस्तकं आहेत, त्यांत चढ अकरावीला येतो. ताई, बिंदू!

मास्तर (निवृत्त) | १०:०४
बिंदू येईपर्यंत मूळ गोष्ट सांगतो. चढ म्हणजे कोटीतला फरक भागिले भुजातला फरक. क्ष एकने वाढला की य कितीने बदलतो, तो आकडा. मुलं सूत्र पाठ करतात आणि हे वाक्य विसरतात. हे वाक्य डोक्यात असेल तर सूत्र आपोआप लिहिता येतं.

डिचोलीची आई | १०:०६
सर, क्ष आणि भुज मुलीला कळत नाहीत. ती पाचवीपासून इंग्रजीतून शिकली. मी चौथीपर्यंत मराठी शाळेत होते, पुढे इंग्रजीच, त्यामुळे मलाही कोटी म्हणजे काय ते शोधावं लागलं.

मास्तर (निवृत्त) | १०:०९
क्ष म्हणजे एक्स, य म्हणजे वाय. भुज हा एक्सचा आकडा, कोटी हा वायचा. आमच्या काळी पुस्तकात असंच छापलेलं असे. यापुढे एक्स-वायच लिहितो.

अंतर्बिंदू | १०:१०
दोन बिंदू दिले असतील तर निश्चयक (डिटरमिनंट) मांडा. तीन ओळी, तीन स्तंभ, शेवटच्या स्तंभात तिन्ही १, आणि निश्चयक शून्य. चढ काढायचीच गरज नाही. मी कायम असंच करतो.

पेडण्याचा पोर | १०:१२
निश्चयक बारावीत आहे. अकरावीच्या मुलीला आज रात्री ते कशाला?

डिचोलीची आई | १०:१५
घ्या. बिंदू (−२, ५) आणि (४, −७).
मुलगी: चढ −६, समीकरण वाय = −६एक्स − ७.
मी: चढ −२, समीकरण वाय + ७ = −२एक्स + ८.
पुस्तक: २एक्स + वाय − १ = ०.
मी दुसरा बिंदू आधी घेतला, तिने पहिला. म्हणून फरक पडला का? मग कोणता आधी घ्यायचा ते ठरलेलं असतं का?

बांदेकर काका | १०:१८
हो, डावीकडचा बिंदू नेहमी पहिला घ्यायचा. आम्हाला असंच शिकवलं होतं.

पेडण्याचा पोर | १०:२०
काका, रागावू नका, पण तसा नियम नाही. कोणताही बिंदू आधी घ्या, फक्त वर जो आधी घेतला तोच खाली आधी हवा.
(−७ − ५) / (४ − (−२)) = −१२ / ६ = −२.
(५ − (−७)) / (−२ − ४) = १२ / −६ = −२.
दोन्हीकडे −२. क्रम उलटला की वरची आणि खालची, दोन्ही चिन्हं एकदम पालटतात आणि भागाकार तोच राहतो. वर एक क्रम आणि खाली दुसरा घेतला तरच बिघडतं, तेव्हा +२ येईल.

बांदेकर काका | १०:२२
डावीकडचा आधी घेतला की खालचा आकडा धन येतो आणि चुका कमी होतात. त्यासाठी शिकवत असतील. नियम नसेल, पण सवय चांगली आहे.

मास्तर (निवृत्त) | १०:२५
मुलीची चूक कुठे आहे ते −६ वरून कळतं. तिने खाली ४ − २ केलंय. −१२ भागिले २, म्हणजे −६. बिंदूतला −२ कंसाशिवाय घातला आणि एक उणे गळलं. गेली तीस वर्षं मी हीच चूक तपासत आलो. तिला सांगा, सूत्रात आकडे घालण्याआधी रिकामे कंस लिहायचे: ( ) − ( ). मग बिंदूतला आकडा चिन्हासकट कंसात टाकायचा. हे रोज केलं की ही चूक जाते.

डिचोलीची आई | १०:२८
वही बघितली. हो, ४ − २ च लिहिलंय. पण मग माझं काय चुकलं? माझं तरी कुठे जुळतंय पुस्तकाशी?

कुळे-कॅसलरॉक | १०:३०
चढाची खरी ओळख हवी असेल तर मुलीला घेऊन कुळ्याला या. कुळे ते कॅसलरॉक हा रेल्वेचा ब्रागांझा घाट, दूधसागरच्या समोरून जातो. तिथला चढ १ : ३७. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. मालगाडीला मागून इंजिनं लावावी लागतात ती त्यामुळेच. कोकण रेल्वे बांधताना चढ १ : १५० च्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं होतं, म्हणून इतके बोगदे आणि पूल आले. चढ हा आकडा नुसता वहीत नसतो.

अंतर्बिंदू | १०:३३
१ : ३७ म्हणजे तीन टक्के सुद्धा नाही. त्यात घाट कसला? रस्त्याला कुठे कुठे दहा टक्केही असतो. १०० टक्के म्हणजे उभी भिंत, त्या मानाने हे सपाटच.

कुळे-कॅसलरॉक | १०:३६
१०० टक्के म्हणजे उभी भिंत नाही. १०० मीटर पुढे, १०० मीटर वर. चढ १, कोन ४५ अंश. भिंतीला पुढे जाणं शून्य, आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून तिचा चढ सांगताच येत नाही. आणि लोखंडी चाक लोखंडी रुळावर असतं, त्याची पकड डांबरावरच्या टायरसारखी नसते. रेल्वेला पावणेतीन टक्के फार झाले. घाटात गाडीतून उतरून बघा एकदा.

डिचोलीची आई | १०:३८
कृपा करून माझं उत्तर कोणी बघेल का?

ढाळ-ओळंबा | १०:४१
ताई, मी कौलारू घरांचं काम करतो, गणित दहावीपर्यंतच. पण तुमचं उत्तर बरोबर आहे, फक्त अर्धं ठेवलंय. वाय + ७ = −२एक्स + ८. आता ७ पलीकडे न्या: वाय = −२एक्स + १. आता −२एक्स अलीकडे आणा: २एक्स + वाय = १. १ अलीकडे आणला की २एक्स + वाय − १ = ०. हे पुस्तकातलंच झालं.

डिचोलीची आई | १०:४४
अरे देवा. म्हणजे एकच आहे?

ढाळ-ओळंबा | १०:४५
एकच. छपरावर मी खालून चढून माप घेतलं काय आणि वरून उतरून घेतलं काय, वासा तोच.

पेडण्याचा पोर | १०:४९
ताई, हे मुलीला नीट समजवा, टेस्टमध्ये पुन्हा अडेल. समीकरण म्हणजे एक अट. रेषेवरच्या प्रत्येक बिंदूने ती पाळायची, रेषेबाहेरच्या एकाही बिंदूने नाही. तुम्ही (४, −७) वर उभं राहून म्हणता, 'इथून रेषेवरच्या कुठल्याही बिंदूकडे बघितलं तरी चढ −२ च हवा': वाय + ७ = −२(एक्स − ४). मुलगी (−२, ५) वर उभी राहून तेच म्हणेल: वाय − ५ = −२(एक्स + २). उभं राहायची जागा वेगळी, रेष एकच, म्हणून दोन्ही सोडवलं की वाय = −२एक्स + १.

आणि ताळा करायचाच. दोन्ही बिंदू घालून बघा. पुस्तकाचं: २ × ४ − ७ − १ = ०, जमलं. २ × (−२) + ५ − १ = ०, जमलं. मुलीचं वाय = −६एक्स − ७: −२ घातलं तर १२ − ७ = ५, जमलं. पण ४ घातलं तर −२४ − ७ = −३१, आणि हवं होतं −७. तिची रेष पहिल्या बिंदूतून जाते, दुसऱ्यातून जात नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि चूक कागद देण्याआधी सापडते.

गणितप्रेमी म्हापसा | १०:५१
दोन बिंदूंतलं अंतर: फरकांचे वर्ग ३६ आणि १४४, बेरीज १८०, वर्गमूळ ६√५. उत्तर ६√५ एकक.

डिचोलीची आई | १०:५३
अंतर विचारलं नव्हतं हो. पोराने लिहिलेलं मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणते, समीकरण बघून चढ कसा ओळखायचा? २एक्स + वाय − १ = ० यात चढ २ दिसतो, मग −२ कसा?

अंतर्बिंदू | १०:५५
एक्सचा सहगुणक भागिले वायचा सहगुणक, आणि पुढे उणे चिन्ह. −२/१ = −२. पाठ करा, संपलं.

मास्तर (निवृत्त) | १०:५९
पाठ करू नका. पाठ केलेलं उणे परीक्षेत सर्वांत आधी विसरतं. वायला एकटं करायचं, बाकी सगळं पलीकडे. वाय = −२एक्स + १. वाय एकटा झाला की एक्सपुढचा आकडा हा चढ आणि उरलेला आकडा म्हणजे रेष वाय-अक्षाला कापते ती उंची. इथे १.

अंतर्बिंदू | ११:०१
सर, परीक्षेत वेळ नसतो. चाळीस प्रश्न असले की कळतं. मी प्रवेश परीक्षेच्या मुलांना शिकवतो, त्यांना दर प्रश्नात वाय एकटा करत बसता येत नाही.

मास्तर (निवृत्त) | ११:०४
ही मुलगी प्रवेश परीक्षेला बसलेली नाही. ती आजच पहिल्यांदा चढ समजून घेतेय. आधी समजू दे, वेग नंतर येतो. वाय एकटा करायला दहा सेकंद लागतात.

सत्तरीकर | ११:०६
माझ्या मते खरा घोळ माध्यमाचा आहे. चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी, पाचवीला एकदम इंग्रजी. 'चढ' म्हटलं तर वाळपईच्या पोराला लगेच कळतं, 'स्लोप' म्हटलं की ते सूत्र होऊन बसतं. २०११ च्या माध्यमाच्या वादात हेच…

नियंत्रक | ११:०८
सत्तरीकर, मुद्दा महत्त्वाचा आहे, पण त्यासाठी वेगळा धागा आहे. इथे गणितच राहू द्या.

ढाळ-ओळंबा | ११:१२
सत्तरीकरांचं एक मात्र खरं. आमच्यात चढाला ढाळ म्हणतात. न्हाणीच्या लादीला ढाळ, स्लॅबला ढाळ, छपराला ढाळ. ताई, उद्या मुलीला घराचं छप्पर दाखवा, कौलारू असेल तर. माझं असं आहे: भिंतीपासून आढ्यापर्यंत आडवं १२ फूट आणि उंची ७ फूट. डावीकडून चढताना चढ ७/१२. आढं ओलांडून उजवीकडे उतरताना तोच आकडा, पण उणे, −७/१२. उणे चढ म्हणजे डावीकडून उजवीकडे जाताना खाली येणं. तुमच्या गणितातली रेष म्हणजे उजवीकडचं पाखं, फक्त फार उभं, फुटाला दोन फूट उतरणारं. असं पाखं कोणी बांधत नाही.

पाणसळ लावल्यावर बुडबुडा मध्ये थांबला तर चढ शून्य. आणि ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडला तर दोरी सरळ उभी, तिथे कुळे-कॅसलरॉकवाल्यांनी सांगितलं तसं, चढ सांगताच येत नाही.

कुळे-कॅसलरॉक | ११:१४
छान सांगितलंत. पाखं ७/१२ म्हणजे साधारण ३० अंश. कोकणच्या पावसाला इतकं हवंच.

पेडण्याचा पोर | ११:१७
मुलीला आणखी एक करायला सांगा, सूत्राशिवाय. (−२, ५) पासून सुरू करा. एक्स एकने वाढवा, वाय दोनने कमी करा. (−१, ३), (०, १), (१, −१), (२, −३), (३, −५), (४, −७). दुसऱ्या बिंदूवर बरोबर पोहोचलात, आणि वाटेत (०, १) लागला, तोच सरांचा १. तिच्या −६ ने चालून बघितलं तर पहिल्याच पावलाला (−१, −१), दुसऱ्याला (०, −७). वाय −७ वर आला तेव्हा एक्स अजून ० आहे, ४ नाही.

डिचोलीची आई | रविवार, सकाळी ७:२०
रात्री वीज गेली म्हणून लिहिता आलं नाही. मेणबत्ती लावून पोराचे ते सात बिंदू आलेख कागदावर मांडले. सगळे एका रेषेत बसले. मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग स्वतःहून कंस घालून पाच गणितं केली. चार जुळली. पाचव्यात बिंदू (४, १) आणि (४, ९) आहेत, खाली शून्य येतं. ती म्हणते, चढच नाही तर समीकरण कसं लिहायचं, की प्रश्नच चुकीचा आहे?

ढाळ-ओळंबा | ७:३१
प्रश्न बरोबर आहे. तो ओळंबा आहे. वर गेलात, खाली आलात, एक्स तोच. तेवढंच लिहायचं.

मास्तर (निवृत्त) | ७:३४
बरोबर. एक्स = ४. ती अट पाळणारे सगळे बिंदू त्या रेषेवर आहेत, म्हणून तेच तिचं समीकरण. त्यात वाय नाही म्हणून तिने घाबरू नये, वायला कुठलीही किंमत चालते एवढाच त्याचा अर्थ.

डिचोलीची आई | ७:४०
लिहिलं तिने. पुस्तकातही तेच आहे. देव बरें करूं सगळ्यांचं. ढाळवाले दादा, आमचं घर स्लॅबचं आहे, पण शेजारच्या आजीचं कौलारू आहे. टेप घेऊन आत्ताच तिकडे निघालोय.