मदत हवी आहे : १९०१ च्या मिशिगन संघावरच्या लेखासाठी मराठी शब्द

नमस्कार मंडळी,

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मिशिगन विद्यापीठाच्या १९०१ च्या फुटबॉल संघावर लेख लिहिते आहे. फुटबॉल म्हणजे अमेरिकन, चेंडू काखेत घेऊन पळायचा तो. माहिती जमली आहे, घोडं अडलंय शब्दांपाशी.

काय मोसम होता तो! ११ पैकी ११ सामने जिंकले, ५५० गुण केले आणि स्वतःवर एकही गुण होऊ दिला नाही. बफेलोला तर १२८-० ने हरवलं. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट त्याच वर्षी आले होते. सरावात "हरी अप, हरी अप" असं इतकं ओरडायचे की तेच त्यांचं टोपणनाव झालं. शेवटचा सामना १ जानेवारी १९०२ ला पॅसाडेनात, स्टॅनफर्डशी. हाच पहिला रोझ बोल, म्हणजे पॅसाडेनात नववर्षाला होणारा तो प्रसिद्ध महाविद्यालयीन सामना. योस्ट आदल्या वर्षी स्टॅनफर्डलाच शिकवत होते! मिशिगनचे तेच अकरा जण शेवटपर्यंत खेळले, एकही बदली नाही. नील स्नोने एकट्याने पाच टचडाउन केले (टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेणं). ४९-० झाल्यावर, आठ मिनिटं बाकी असताना, स्टॅनफर्डच्या कप्तानाने सामना थांबवायची विनंती केली.

आता अडचण. मसुदा बाबांना वाचून दाखवला. ते उमेदीच्या काळात सांगलीला कबड्डी खेळलेले. 'तीन डाउनमध्ये पाच यार्ड' इथे त्यांनी मला थांबवलं आणि 'डाउन'भोवती पेन्सिलने गोल केला. मी समजावलं, की तेव्हा चेंडू पुढे फेकायला बंदी होती, ती उठली १९०६ साली. त्यामुळे एकाने चेंडू छातीशी धरून घुसायचं, सोबत्यांनी मागून रेटायचं, समोरच्यांनी अंगावर पडून त्याला दाबून धरायचं. तो अडला की एक डाउन संपला. अशा तीन डाउनमध्ये पाच यार्ड पुढे सरकलं नाही, तर चेंडू समोरच्यांकडे. बाबा लगेच म्हणाले, "मग चढाई आणि पकड म्हण की!"

तेव्हापासून तोच शब्द डोक्यात आहे. पण कबड्डीत चढाई करणारा परत फिरतो. इथे जिथे अडवलं तिथूनच पुढचा खेळ. म्हणून 'तीन खेपांत पाच यार्ड' असं लिहून पाहिलं. कानाला बरं वाटतं, पण त्यात झुंज येत नाही. 'मुसंडी'त झुंज आहे, तर अनेकवचन जिभेवर बसत नाही. तुम्ही काय लिहाल?

दुसरं, दोन्ही फळ्या समोरासमोर ठाकतात त्या रेषेला काय म्हणावं? आणि त्या घोळक्याने रेटण्याला नुसतं 'रेटा' पुरेल का? हा शब्द मला नेमका हवा आहे, कारण त्या रेट्यातच मुलं जबर जखमी व्हायची, काही जिवानिशी गेली. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या मंडळींना बोलावून घ्यावं लागलं, इतकं ते वाढलं होतं.

टचडाउन तसाच ठेवते आहे. फक्त तेव्हा त्याचे पाचच गुण मिळायचे, हे कंसात सांगेन.

कबड्डी, खो-खो किंवा कुस्ती खेळलेल्यांनी जरूर सुचवा. अंक पुढच्या आठवड्यात छपाईला जातोय.