वारली आजीची डिमेन्शियाची (स्मृतिभ्रंशाची) तपासणी तिच्या बोलीत कुठे होईल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही वारली, गाव तलासरी तालुक्यात, मी नोकरीसाठी विरारला असते. आजी ७८ च्या आसपास. दोनेक वर्षांपासून विसरतेय, म्हणजे नुसतं वस्तू कुठे ठेवली असं नाही, चूल पेटती ठेवून शेतात निघून गेली, बाबा जाऊन ४ वर्षं झाली तरी त्यांची भाकरी रोज बाजूला काढून ठेवते. म्हणून तिला इकडे आणलं.

इथल्या एका हॉस्पिटलात तिला विचारलं आज तारीख काय, साल कुठलं, आपण कितव्या मजल्यावर आहोत, १०० तून ७ वजा करत जा, एक वाक्य लिहा. अहो ती शाळेत गेलेलीच नाही, लावणी झाली का, वाघबारस कधी यावर तिचं वर्ष चालतं! ३० पैकी ९ मार्क, डिमेन्शिया, गोळी सुरू. आजार नाही असं मी म्हणत नाहीये, बिघडलंय हे मला रोज दिसतंय, पण किती बिघडलंय ते त्या ९ वरून कसं कळणार? तिला ऐकू कमी येतं, मोतीबिंदू आहे, बी१२ आणि थायरॉइड तर तपासलेच नाहीत, त्यानेही विसरायला होतं हे मला नंतर वाचून कळलं.

आजी धवलेरी आहे, लग्नात गाणी म्हणून लग्न लावणारी. परवा मी तांदळाचं पीठ भिजवत होते तर तिने त्यात बोट बुडवलं आणि किचनच्या टाइल्सवर रेघा ओढत गायला लागली, अर्धा तास, कुठे अडली नाही. मी मोबाईलवर रेकॉर्ड केलंय. दिवस मावळला की घरी जायचं म्हणून दाराची कडी ओढत बसते, तेव्हा हे लावलं की शांत होते.

ऑस्ट्रेलियात किंबर्ली भागातल्या आदिवासींसाठी किका म्हणून वेगळी चाचणी आहे, त्यात तारखेऐवजी सध्या वर्षातला कुठला काळ चालू आहे, हा पेन्शनचा आठवडा आहे का असं विचारतात, चित्रं इमूची, मगरीची, आणि घरच्यांशीही बोलतात. आपल्याकडे न शिकलेल्यांसाठी एचएमएसई नावाची हिंदीतली चाचणी आहे पण आजीला हिंदी येत नाही. पालघर, ठाणे, नाशिककडे कुणी डॉक्टर माहीत आहेत का जे घरच्या माणसाला सोबत बसवून वारलीत विचारू देतील?

दुसरं, मोठे काका तिला भगताकडे नेतात. माझी हरकत नाही, तिकडून आली की तिला बरं वाटतं, पण मागच्या वेळी काकांनी गोळ्याच बंद केल्या. दोन्ही सोबत कुणी चालवलंय का, घरच्यांना कसं समजावलंत?

आणि तिला पाड्यावर परत नेऊ का? तिथे अंगण ओळखीचं, बाया येऊन बसतात, बोली तिची. पण विहीर उघडी आणि घरात आई एकटी. ज्यांनी असं परत नेलंय त्यांनी प्लीज लिहा, रात्री उठून चालायला लागल्यावर काय करता?