चोर्ल्यात गाडी बंद पडली, तर टोइंगचं भाडं ठरवायचं कुणी?

शहापूरकर

पावसाळा लागला की बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटातून टोइंगवाल्यांना फोन सुरू होतात. कुणाची क्लच प्लेट जळाली, कुणाची गाडी साइडपट्टीवरनं घसरून गटारात गेली. अशा वेळी माणूस भाव करत नाही, 'लवकर या' एवढंच म्हणतो. आकडा कळतो तो गाडी बेळगावात उद्यमबागेत गॅरेजपुढं उतरल्यावर.

माझ्या भावजींची गाडी कणकुंबीच्या पुढं बंद पडली. फोनवर 'किलोमीटरप्रमाणं घेऊ' इतकंच बोलणं झालं होतं. उतरवताना परतीचे किलोमीटर वेगळे, रात्रीचे वेगळे, विंच (दोरीनं ओढायचं यंत्र) लावल्याचे वेगळे, थांबल्याचे वेगळे असं एकेक निघत गेलं. यातली प्रत्येक बाब रास्त असेलही, पण ती आधी का सांगायची नाही? गाडी टोइंगवाल्याच्या ट्रकवर चढलेली, बायकामुलं पावसात भिजलेली, मोबाइलला रेंज नाही. त्या क्षणी गिऱ्हाइकाच्या हातात काहीच नसतं.

माझं मत सरळ आहे. जिल्ह्यासाठी कमाल दरपत्रक हवं. रिक्षाचं भाडं सरकारी प्राधिकरण ठरवतं ना? मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ नं राज्य सरकारला प्रवासी आणि मालवाहू गाड्यांचं भाडं ठरवून देता येतं. मग टोइंगलाच मोकळं रान का? गाडीच्या वजनाप्रमाणं तीन-चार गट करा, पहिल्या काही किलोमीटरचा एकच आकार ठरवा, पुढं प्रत्येक किलोमीटरला दर, रात्रीला ठरावीक टक्के जादा. आरटीओत फलक लावा, टोलनाक्यांवर लावा.

फ्लॅटबेडवाला

शहापूरकर काका, मी या धंद्यात आहे, म्हणून लिहितोय. तुमच्या भावजींना आधी सांगायला पाहिजे होतं, ते मान्य. पण दरपत्रकाची गोष्ट काढलीत, तर आमचाही हिशोब ऐका.

बेळगावातनं चोर्ल्याच्या माथ्यापर्यंत साधारण ५० किलोमीटर धरा. तुमची गाडी ५० किलोमीटर येते, माझी १०० पळते. जाताना रिकामीच असते. घाटाच्या रस्त्याला फ्लॅटबेड, म्हणजे बंद गाडी पाठीवर चढवून नेणारी माझी गाडी, लिटरला ६ किलोमीटर देते असं समजा. १६-१७ लिटर डिझेल लागलं. १ एप्रिल २०२५ ला कर्नाटकानं डिझेलवरचा विक्रीकर १८.४४ वरनं २१.१७ टक्के केला, तेव्हापासून लिटरमागं दोन रुपये वाढले. ९१ रुपयांनी धरलं तरी डिझेलचेच दीड हजार. रात्रीचा ड्रायव्हर आणि हेल्पर मिळून बाराशे समजा. गाडीचा हप्ता, विमा, फिटनेस, टायर, विंचची दोरी हे सगळं महिन्याच्या कॉलवर वाटलं की एका कॉलवर आणखी दीड हजार येतात. झाले ४,२०० आणि यात माझा रुपयाही नाही. महिन्यात कॉल कमी आले तर तो शेवटचा आकडा फुगतो. पावसात कॉल जास्त येतात, उन्हाळ्यात गाडी नुसती उभी असते. हप्ता दोन्हीकडं तेवढाच.

दुसरं, गाडी कशी आहे ते लोक फोनवर सांगत नाहीत. 'बंद पडलीय' म्हणतात. जाऊन बघावं तर ऑटोमॅटिक, बॅटरी उतरलेली, गियर पार्किंगमध्ये अडकलेला, चाकं फिरत नाहीत. मग चाकाखाली सरकते स्केट घालायचे, इंच-इंच ओढायची. इलेक्ट्रिक गाडी असली तर तिची मोटरची चाकं रस्त्यावर फिरवत नेताच येत नाही, मोटर आतल्या आत वीज करत बसते आणि बिघडते. चारही चाकं वर घ्यावी लागतात. पुढची चाकं उचलून नेणारी साधी गाडी स्वस्त पडते, पण ती सगळ्यांना चालत नाही. आणि गटारात गेलेली गाडी वर काढणं हे टोइंग नव्हेच, ते वेगळं काम आहे. दोन माणसं वळणावर टॉर्च दाखवत उभी करावी लागतात.

शहापूरकर

भाऊ, तुमचा हिशोब पटला. पण तो इथं लिहायला तुम्हाला पाच मिनिटं लागली असतील. तोच फोनवर सांगायला एक मिनिट पुरे. 'जाऊन-येऊन किलोमीटर धरतो, विंच लागली तर इतके, अर्ध्या तासाच्या वर थांबलो तर इतके.' जे तुम्ही बाबवार सांगू शकता, ते दरपत्रकात बाबवार छापताही येतं. अवघड काम आहे म्हणून भाव जास्त असावा, याला माझा विरोध नाहीच. भाव लपलेला असतो, त्याला आहे.

खानापूर-लोंढा

कमाल दर छापला की तोच किमान दर होतो. रिक्षा मीटरवर चालते की ठरवून, हे आपल्याला माहीत आहे. आज मच्छे किंवा पिरनवाडीला गाडी बंद पडली तर ओळखीचा मिस्त्री जीपला दोर बांधून टोचन करून आणतो, चहापाण्यावर काम होतं. उद्या फलक लागला की तोही फलकावरचाच आकडा मागणार.

आणि आमच्या बाजूला, म्हणजे लोंढा-रामनगर-अनमोडकडं, रात्री यायला तयार होणारे मुळात थोडे. पावसात रस्त्याची हालत काय असते, जाणारे जाणतात. त्यांना जिल्ह्याच्या सरासरी दरानं या म्हटलं तर कोण येणार? बेळगाव शहरातले कॉल मिळतायत तेवढे घेतील आणि आम्ही जंगलात सकाळपर्यंत बसू. जास्त पैसे गेले तरी चालतील, माणूस आला पाहिजे.

विमावाली ताई

भाडं कुणी ठरवायचं यावर मत देण्याआधी ते कोण भरतं ते बघा. बहुतेकांचा समज असतो की विमा आहे म्हणजे टोइंग फुकट. तसं नाही. नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत अपघातग्रस्त गाडी जवळच्या दुरुस्तीवाल्याकडं न्यायचा वाजवी खर्च मिळतो, पण त्याला कमाल मर्यादा आहे. दुचाकीला ३०० रुपये, खासगी कारला १,५०० आणि ट्रकसारख्या व्यावसायिक गाडीला २,५००. हे आकडे २००२ च्या मोटर टॅरिफमधले, म्हणजे गाडी विम्याच्या नियमपत्रकातले आहेत. वरच्या हिशोबात नुसतं डिझेलच दीड हजाराचं होतं, म्हणजे आज ती रक्कम घाटात कुठवर पुरणार ते दिसतंच आहे.

शिवाय हे पैसे पॉलिसीत बसणाऱ्या नुकसानीमुळं गाडी अडली तरच मिळतात. क्लच जळाला, बॅटरी गेली, बेल्ट तुटला, तर त्यातून काही मिळत नाही. त्यासाठी रोडसाइड असिस्टन्सचं (रस्त्यात अडल्यावर मदतीचं) ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. त्यातही ठरावीक अंतरापर्यंतच फुकट नेतात, पुढचे किलोमीटर तुमचे. पॉलिसीत 'जवळचा दुरुस्तीवाला' म्हटलेलं असतं, तुमच्या आवडीचं सर्व्हिस सेंटर नव्हे. खानापुरात दुरुस्त होणारी गाडी बेळगावला नेली तर वरच्या अंतरावरनं वाद होतो.

माझा विरोध दरपत्रकाला नाही. पण दर बांधून द्यायचे आणि विम्याची मर्यादा २००२ चीच ठेवायची, हा अर्धाच न्याय झाला.

फ्लॅटबेडवाला

ताई, असिस्टन्सचा विषय काढलात, तर त्याचीही दुसरी बाजू सांगतो. त्या कॉलचा दर कंपनीकडनं ठरून येतो. गिऱ्हाइकाकडनं थेट मिळतं त्याच्यापेक्षा कमी, आणि पैसे यायला महिना-दीड महिना. डिझेल मात्र मला आजच रोखीनं भरायचंय. ती तूट शेवटी रस्त्यावर थेट फोन करणाऱ्यावर पडते. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण असं होतं.

हुक्केरीचा ऊसवाला

तुम्ही सगळे कारवर बोलताय. आमच्याकडं हंगामात काय होतं, तेही बघा. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस भरून कारखान्याकडं निघालेल्या. चढाला मागची ट्रॉली कलली की पुढचीलाही घेऊन जाते. मग हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, बोलवायचा. हायड्राचं भाडं किलोमीटरवर नसतं, तासावर असतं, आणि तास धरतात तो यार्डातनं निघाल्यापासून परत यार्डात पोचेपर्यंत. हायड्रा रस्त्यावर किती हळू चालतो ते ठाऊकच आहे. काम अर्ध्या तासाचं, बिल चार तासांचं.

त्यात भरलेली ट्रॉली तशीच उचलता येत नाही, चेसिस वाकते. आधी ऊस उतरवायचा, हमाल बोलवायचे, दुसरी ट्रॉली आणायची, पुन्हा भरायचं. तोवर रस्ता बंद, मागनं हॉर्न, पोलीस घाई करतात आणि त्या घाईतच भाव वाढतो. पंधरा मिनिटांत दुसरा हायड्रा मिळणार नाही हे समोरच्याला माहीत असतं.

दरपत्रक करायचं असलं तर माझं म्हणणं एवढंच. हायड्राचा ताशी दर आणि कमीत कमी किती तास धरायचे, हे हंगामाआधी लिहून काढा. कारखान्यांनी आपापल्या भागात एक हायड्रा हंगामभर उभा करावा आणि खर्च वाहतुकीत धरावा. एकट्या ट्रॅक्टरवाल्यानं किती सोसायचं?

कायदेभान

दोन गोष्टींची गल्लत होतेय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणं दहा तास किंवा जास्त सोडून दिलेली किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी पोलीस उचलायला लावू शकतात, आणि रहदारीला धोका होत असेल तर लगेच हलवू शकतात. तो खर्च मालकावरच पडतो. तिथं गाडी कुणी न्यावी हे मालक ठरवत नाही, त्यामुळं सरकारनं दर बांधलाच पाहिजे. बेंगळुरात पोलिसांच्या टोइंगवर इतक्या तक्रारी झाल्या की फेब्रुवारी २०२२ मध्ये ते थांबवावं लागलं.

तुम्ही स्वतः फोन करून बोलावलेली क्रेन हा खासगी करार आहे. शिवाय कलम ६७ हे गाडीच्या भाड्यासाठी आहे, तासावर दिलेल्या हायड्राला ते सरसकट लागू करता येईल असं मला वाटत नाही. काम सुरू करण्याआधी अंदाजपत्रक देणं बंधनकारक करा. दर बांधण्यापेक्षा ते सोपं आहे.

निपाणीकर

हायवेवर असाल तर आधी १०३३ ही महामार्गाची हेल्पलाइन लावा, हे कुणीच कसं सांगितलं नाही? तवंदी घाटात किंवा वंटमुरी घाटात गाडी अडली तर टोलरस्त्याची क्रेन येऊन ती रस्त्यातनं बाजूला घेते. गॅरेजपर्यंत नेणं तिचं काम नव्हे, पण सुरक्षित जागी उभं राहून चार ठिकाणी भाव विचारता येतो. निम्मा भाव तिथंच उतरतो. चोर्ल्यात टोल नाही, म्हणून ती क्रेनही नाही, हे मान्य.

आमची अडचण वेगळी. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तर. गाडीचं सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात. पण बेळगाव-संकेश्वरची केए पासिंगची टोइंग गाडी सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढं जायला परमिटचं कारण सांगते, आणि कोल्हापूरची एमएच गाडी अलीकडं यायला जादा मागते.

चंदगडी

निपाणीकर, आमचं नेमकं उलटं. आम्ही महाराष्ट्रात, पण बाजार, दवाखाना, गॅरेज सगळं बेळगावात. शिनोळीत गाडी बंद पडली तर बेळगाव हाकेवर आहे. तरी हद्द आली की भाड्यात 'बॉर्डर' नावाचा आकडा वाढतो. बरं, ज्याच्याकडं नॅशनल परमिट आहे त्यानं वर्षाचे १६,५०० आधीच भरलेले असतात. मग माझ्या एका फेरीला बॉर्डरचे वेगळे कशाचे?

फ्लॅटबेडवाला

दादा, परमिट असलेल्यानं ते मागू नये, हे खरं. पण लहान गाडीवाले पुष्कळसे राज्यापुरतंच परमिट काढतात, कारण त्यांचे कॉल शहरातलेच. आणि बॉर्डर म्हणजे फक्त परमिट नव्हे. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावादावरनं हिरेबागेवाडी टोलजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडं पडली. वातावरण तापलं की दुसऱ्या पासिंगची गाडी रस्त्यावर काढायला ड्रायव्हर तयार होत नाही. काच फुटली तर त्या दिवसाची कमाई गेली आणि दुसऱ्या दिवसाचीही.

कायदेभान म्हणतात ते अंदाजपत्रक मी द्यायला तयार आहे. व्हॉट्सॲपवर गाडीचा आणि जागेचा फोटो पाठवा, चाकं फिरतात का सांगा, गियर कुठला ते सांगा, मी बाबवार आकडा लिहून पाठवतो. जागेवर काही वेगळं निघालं तर हूक लावायच्या आधी बोलीन. पण चोर्ल्याला कमाल दर बांधला, तर रात्री दहानंतर माझा फोन लागणार नाही, हे आत्ताच स्पष्ट सांगतो.

शहापूरकर

भाऊ, घाटाला कमाल दर नको हे सध्या बाजूला ठेवू. त्यावर माझं मत बदललेलं नाही. रात्री अडलेल्या माणसाकडं दुसरा पर्याय नसतो, आणि म्हणूनच तिथं मर्यादा सगळ्यात जास्त हवी. पण रेंज नसताना फोटो पाठवणार कसा, याचं उत्तर तुमच्या अंदाजपत्रकात नाही. कणकुंबीत आणि जांबोटीत दुकानांवर तरी तुमचे बाबवार दर लिहून लावा. माणूस चालत, नाही तर कुणाच्या गाडीवर बसून तिथंवर येतोच फोन करायला. फलकाचा आणि रंगाचा खर्च मी करतो. तुम्ही आकडे द्या.

खानापूर-लोंढा

एक फलक रामनगरलाही लावा. तिथं आकडा जास्त लिहिलात तरी चालेल.