विषय : चार्जिंगची चांगली बॅटरी कोणती घ्यावी?

इसाक्वाहून (सिएटलजवळ), मंगळवार रात्री

सप्रेम नमस्कार मंडळी,

२०२४च्या १९ नोव्हेंबरच्या वादळात आमच्याकडची वीज गेली ती चौथ्या दिवशी आली. साडेचारच्या आत सूर्य मावळायचा आणि मग सकाळपर्यंत घरात मिट्ट काळोख. ऑनलाइन घेतलेली एक बॅटरी होती, खोक्यावर 'एक लाख ल्युमेन' छापलेली. पहिल्याच संध्याकाळी ती वीस मिनिटांत मंदावली आणि सासूबाईंची जिन्याची शेवटची पायरी चुकली. हाड मोडलं नाही, पण मनगट महिनाभर दुखत होतं.

यंदा वादळांचे दिवस येण्याआधी मला एकच, पण खरोखर चांगली बॅटरी घ्यायची आहे. मंडळाच्या एप केव्हच्या, म्हणजे लाव्हाच्या लांबलचक गुहेच्या, सहलीतही ती चालायला हवी. दीडशे डॉलरपर्यंत तयारी आहे. २५०० ल्युमेनची घ्यावी की ४०००ची? सासूबाईंनाही वापरता आली पाहिजे.

बॉथेलहून, बुधवार सकाळी

ताई, सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं. आता मनगट बरं आहे ना?

ल्युमेनचा, म्हणजे बॅटरीतून निघणाऱ्या एकूण उजेडाचा, आकडा आधी बाजूला ठेव. मुठीत मावणाऱ्या बॅटरीतून एक लाख ल्युमेन निघूच शकत नाहीत. तेवढी उष्णता जाणार कुठे? खोक्यावर 'एएनएसआय एफएल१' या विजेऱ्यांच्या अमेरिकी मानकाची चिन्हं आहेत का ते बघ. त्या मानकात ल्युमेन मोजतात ते बॅटरी लावल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या आत. पल्ला म्हणजे जिथे उजेड पाव लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरतो ते अंतर. आणि चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. लोक फसतात ते इथे. २००० ल्युमेनची बॅटरी तापून काही मिनिटांत ७००वर उतरली आणि पुढे तीन तास तशीच राहिली, तरी '२००० ल्युमेन' आणि 'तीन तास' एकाच रांगेत छापता येतात. म्हणून वेळेप्रमाणे उजेड कसा उतरतो याचा आलेख जी कंपनी देते तिचीच घे, आणि आलेखाचा सपाट भाग कुठे आहे ते पाहा. हातातल्या बॅटरीने ७००-८०० ल्युमेन टिकवून धरले तर ती चांगली. डोळ्याला उजेड दुप्पट वाटायला ल्युमेन जवळजवळ चौपट लागतात, त्यामुळे २५०० आणि ४००० यांतला फरक तुला जेमतेम जाणवेल.

एप केव्हचं सांगतो, चारदा जाऊन आलोय. खालची वाट पाऊण मैल, बरीचशी वाळूची. वरची दीड मैल, दगडांच्या राशीच राशी, आणि एके ठिकाणी लाव्हाचा आठ फुटी कडा चढायचा. भिंती काळ्या, उजेड पिऊन टाकतात. तिथे ४०० मीटर पल्ल्याचा झोत कामाचा नाही. समोरच्या दगडावर लख्ख ठिपका पडतो आणि पाय ठेवायची जागा मात्र अंधारात राहते. पसरट उजेड हवा, ३००-४०० ल्युमेन पुरे. माणशी दोन दिवे न्या असं वनखातं सांगतं. त्यातला एक कपाळावर बांधायचा घ्या सगळ्यांनी, वरच्या वाटेवर दोन्ही हात लागतात. फोनला त्या दोनांत धरू नका.

सेलबद्दल मात्र मी हट्ट धरणार आहे. (आपण विजेरीलाही बॅटरी म्हणतो आणि आतल्या वस्तूलाही, म्हणून आतल्याला सेल म्हणतो.) १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, २१७०० म्हणजे २१ आणि ७०. पहिल्यात साधारण ३५०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा), दुसऱ्यात सहज ५०००. तू २१७००वाली घे, आणि सेल बाहेर काढून बदलता येईल अशीच घे. सेल काही वर्षांत थकतोच, अॅल्युमिनियमचं अंग त्याच्या कितीतरी पुढे टिकतं. सेल आत बंद करून टाकला असेल तर तो थकला की सगळी वस्तूच टाकावी लागते. माझी पहिली महागडी बॅटरी अशीच गेली, बाकी तिला काहीही झालेलं नव्हतं. चार्जिंग टाइप-सीवर हवं. वीज नसताना गाडीतून किंवा पॉवर बँकेवरून करता येतं, खास वायर शोधत बसावं लागत नाही.

मी फेनिक्सची पीडी३६आर वापरतो. २१७००चा सेल, टाइप-सी, १६०० ल्युमेन. ३० ल्युमेनवर ती शंभराहून जास्त तास चालते, आणि वीज गेलेल्या घरात हाच आकडा उपयोगी पडतो. पेल्यात उभी ठेवून झोत छतावर सोडला की अख्ख्या खोलीत वावरता येतं. मागचं बटण चालू-बंद, बाजूचं उजेड कमी-जास्त, आणि शेवटचा उजेड तिच्या लक्षात राहतो. तू कमी उजेडावर लावून ठेव, सासूबाईंनी फक्त मागचं बटण दाबायचं. उणीव एकच, उजेड थंड पांढरा आहे. गोळ्यांच्या पाकिटांचे रंग ओळखायचे असतील तर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या वर आणि ४००० ते ५००० केल्विनची बघ; केल्विन जितके कमी तितका उजेड पिवळसर, जास्त तितका निळसर. त्यात थोडे ल्युमेन कमी होतात, होऊ देत.

आणि गॅरेजमध्ये गोठणबिंदूखाली असताना चार्जिंगला लावू नकोस, सेल कायमचा बिघडतो.

रेडमंडहून, बुधवार दुपारी

काका, एक भर घालतो. डिसेंबरात बरेच जण भारतात जातात आणि घरच्यांसाठी बॅटरी नेतात. सुटे सेल चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. हातातल्या बॅगेत, प्रत्येक सेल वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत. मर्यादा दर सेलला १०० वॉट-तासांची आहे, ५००० एमएएचचा सेल साधारण १८ वॉट-तासांचा असतो. बॅटरी खिशात आपोआप लागली तर कापड जळण्याइतकी तापते, म्हणून नेताना सेलच काढून ठेवा.

बाबांना रत्नागिरीजवळच्या वाडीत रात्री गोठ्यापर्यंत जावं लागतं आणि तिथे फुरशी फार. मी आधी नेलेली निळसर उजेडाची होती. जांभ्याच्या पायवाटेवर तिच्या उजेडात दगड, पाचोळा, सगळं एकाच रंगाचं दिसायचं. गेल्या खेपेला ९० सीआरआयची, ४००० केल्विनची नेली. बाबा म्हणाले, आता वाट वाचता येते. ती १०० ल्युमेनवरच असते, त्याहून जास्त लागलेली नाही. ताई, माझं मत काकांपेक्षा इतकंच वेगळं की रंग आधी बघा, ल्युमेन मागून.

इसाक्वाहून, शुक्रवार

काका, दादा, मनापासून आभार. मनगट आता बरं आहे, काका. काल दुकानात दोन बॅटऱ्या हातात घेऊन पाहिल्या. ४०००वाली दीड-दोन मिनिटांत धरवेना इतकी तापली आणि उजेडही उतरला, तुम्ही म्हणालात अगदी तसंच. सासूबाईंनाही नेलं होतं. त्यांना बाजूचं बटण सापडेना, मागचं मात्र लगेच अंगठ्याखाली आलं. आता एकच महागडी न घेता, मागच्या बटणाची २१७००वाली एक आणि कपाळावरची एक, अशा दोन घेईन म्हणते. दीडशेत बसतील असं दिसतंय.

रंगाचं फक्त ठरत नाहीये. दादा, तुमच्याकडे तशी ४००० केल्विनची एखादी इथे आहे का? काकांच्या पीडी३६आरशेजारी लावून बघायची आहे.

बॉथेलहून, शुक्रवार रात्री

रविवारी साडेसहाला आमच्याकडे या. मागच्या अंगणापलीकडे झाडी आहे, रस्त्यावरचे दिवे तिथे पोचत नाहीत. सासूबाईंना नक्की आण, आणि त्यांच्या गोळ्यांची पाकिटंही.