ताणाने हिप्पोकॅम्पस आक्रसतो, पण कोणाचा?

'दीर्घ ताणाने हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी निगडित भाग) आक्रसतो, मग बायकांमध्ये तो जास्तच आक्रसत असणार' हे अनुमान प्रयोगांत टिकत नाही. मुळात आक्रसण्याची माहिती बरीचशी नर रॅटवरून आलेली. त्यांना रोज 6 तास अरुंद नळीत अडकवून ठेवतात, सलग 21 दिवस. मग हिप्पोकॅम्पसच्या सीए3 या भागातल्या चेतापेशींच्या टोकाकडच्या फांद्या आखूड होतात आणि चक्रव्यूहात वाट लक्षात ठेवणं बिघडतं. माद्यांमध्ये त्या फांद्या बऱ्यापैकी टिकतात, वाटही चुकत नाही. काही चाचण्यांत तर कामगिरी सुधारते!

म्हणून माद्या सुटल्या असं मात्र नाही. प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधून (मेंदूचा पुढचा, विचार-नियंत्रणाचा भाग) अमिग्डालाकडे (भीती-भावनांचं केंद्र) जाणाऱ्या पेशींच्या फांद्या त्यांच्यात ताणाने उलट वाढतात, तेही इस्ट्रोजेन असेल तरच. अंडाशय काढून इस्ट्रोजेन न दिल्यास ही वाढ दिसत नाही.

लोकस सेरुलियसचा, म्हणजे मेंदूला सावध करणाऱ्या छोट्या केंद्राचा, मुद्दा वेगळा. पोहायला लावण्याच्या एकदाच्या ताणानंतर नरांमध्ये तिथला सीआरएफ1 रिसेप्टर (ताणाचा रासायनिक संदेश टिपणारा पेशीवरचा रेणू) पेशीच्या आत ओढला जातो, म्हणजे धोक्याच्या घंटेचा आवाज जणू कमी होतो. माद्यांमध्ये तो पृष्ठभागावरच राहतो. हा तात्कालिक ताण आहे, तो 21 दिवसांच्या निष्कर्षांत मिसळू नका.