मदत हवी आहे – मत देताना खिसा बघतात की समाज?
नमस्कार मंडळी, एमएच्या प्रोजेक्टसाठी लातूरकडच्या आमच्या गावात २०२४ च्या विधानसभेबद्दल लोकांशी बोलतोय. आमच्याच घरात बघा, तेव्हा सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ आणि आडतीवर मिळाले चार हजारांच्या आसपास म्हणून बाबा चिडलेले, आई मात्र लाडक्या बहिणीचे १५०० जमा झाले की पासबुक डब्यातून काढून दोनदा बघायची, आणि चुलते म्हणत होते पैशाचं सोडा, आरक्षणाचं बोला. तिघांची मतं वेगळी. पण प्रश्न विचारला की सगळे "विकास" एवढंच सांगतात! कुणी असा सर्व्हे केलाय का? माणूस न अवघडता खरं कारण सांगेल असे प्रश्न कसे विचारायचे? निवडणुकीचे सर्व्हे करणाऱ्या लोकनीती-सीएसडीएस या संस्थेची प्रश्नावली मराठीत कुठे मिळेल का? प्लीज सांगा.